मुंबईची कलाशाळा आणि उपजत हाताचा प्रश्न

पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रकलाशिक्षण महाराष्ट्रात प्रथम आले ते मुंबईत नव्हे, पुण्यात, तेही पेशव्यांच्या वाड्यात. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने आणि सवाई माधवरावांच्या परवानगीने १७९०च्या दशकात शनिवारवाड्यात एक छोटी चित्रशाळा भरू लागली. शिकवणारा होता जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार. या शाळेतील सर्वांत नावाजलेला विद्यार्थी म्हणजे गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने मोजमापाला पक्की आहेत, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही त्याच्या कागदावर उतरला आहे. १७९५मध्ये सवाई माधवराव गेले, त्याच वर्षी वेल्सही वारला आणि शाळा संपली. एवढ्या थोड्या वर्षांच्या शिकवणीत गंगाराम घडला, असे म्हणणे कठीण आहे. तो तांबटाच्या घरातला, पेशवे दरबाराच्या कामात आधीच मुरलेला कारागीर होता. वेल्सने त्याला यथादर्शनाची आणि छायाप्रकाशाची नवी रीत दाखवली. हात आणि नजर तो बरोबर घेऊनच आला होता.

कला शिकवून येते की अंगात असावी लागते, या वादाचा महाराष्ट्रातील पुढचा सारा इतिहास या उदाहरणाभोवती फिरतो. जिला उपजत देणगी म्हटले गेले, ती बहुतेक वेळा कुणाच्या नोंदीत न आलेली आधीची शिकवणी असते. घरात, कारखान्यात, वडिलांच्या शेजारी बसून झालेल्या या शिकवणीला वेळापत्रक नसते आणि प्रमाणपत्रही नसते, म्हणून ती दिसत नाही.

कलाशाळेच्या आधीच्या महाराष्ट्रात हा प्रश्न अशा शब्दांत कुणाला पडण्याचे कारणही नव्हते. पुण्याचे जिनगर, सावंतवाडीचे चितारी, पिंगुळीचे चित्रकथी यांच्या घरात मूल रंग खलता खलता शिके. आधी पाट्यावर रंग, मग सपाट रंगभरणी, मग कडेची रेघ आणि सर्वांत शेवटी डोळे उघडणे. असा हा क्रम बहुतेक चित्रकारघरांत थोड्याफार फरकाने असे. एखाद्याचा हात जास्त सफाईचा निघाला तर अवघड काम त्याच्याकडे जाई, पण साधारण हाताचा मुलगाही धंद्यातून बाहेर फेकला जात नसे. या प्रश्नाची तात्त्विक चर्चा झाली ती संस्कृत काव्यशास्त्रात. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तीत त्याने प्रतिभेचे तीन प्रकार केले: जन्मांतरीच्या संस्कारांतून येणारी सहजा, याच जन्मीच्या संस्कारांतून मिळवलेली आहार्या आणि मंत्रतंत्रादी उपदेशाने जागी होणारी औपदेशिकी. त्यांची प्रतवारी त्याने लावली, पण तिन्ही वाटांनी आलेल्यांना कवी म्हणण्याची तयारी ठेवली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत वाद घालणाऱ्या गोऱ्या साहेबांना एवढा मोकळेपणा दाखवता आला नाही.

मुंबईतील शाळेचा उगम कलेपेक्षा कारखानदारीच्या चिंतेत आहे. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात भारतीय कापड, धातुकाम आणि लाकूडकाम पाहून इंग्रज थक्क झाले, आणि याच वस्तूंचा धंदा यंत्राच्या मालापुढे बुडत चालल्याचेही त्यांच्या लक्षात आले. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३मध्ये कला आणि उद्योगाच्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ड्रॉइंगचा पहिला वर्ग भरला. मद्रासला १८५० साली आणि कलकत्त्याला १८५४ साली अशा शाळा निघाल्याच होत्या. १८६६मध्ये मुंबईची शाळा सरकारच्या ताब्यात गेली आणि १८७८मध्ये आजच्या इमारतीत आली.

या शाळांचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या साच्यातून काढलेला होता. हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी इंग्लंडातील कामगारवर्गासाठी तेवीस पायऱ्यांचा एक क्रम आखला होता. प्रथम उपकरणांनी काढायच्या रेषा, नंतर छापील नमुन्यावरून मुक्तहस्त बाह्यरेषा, नंतर प्लास्टरच्या ठशांवरून घनाकृती, मग छायांकन, मग रंग आणि अगदी शेवटी स्वतःची रचना. या क्रमात प्रतिभेचा विषय पहिल्या पायरीवर निघत नाही, दहाव्यावरही निघत नाही. रेघ सरळ आली की पुढची पायरी. ही शिस्त रुक्ष होती, यात शंका नाही. अ‍ॅकॅन्थसच्या पानाचा ग्रीक ठसा महिनोन्‌महिने गिरवणाऱ्या मुलाला त्यातून काय मिळत असेल, असा प्रश्न आजही पडतो. पण तिच्यामागे एक धाडसी गृहीतक होते: लिहिणे-वाचणे जसे कुणालाही शिकवता येते, तसे चित्र काढणेही शिकवता येते. चित्र काढणे जन्माच्या जातीवर अवलंबून असलेल्या समाजात हे गृहीतक त्याच्या कर्त्यांना वाटले त्याहून जास्त उलथापालथ करणारे ठरले.

भारतात मात्र या गृहीतकाला वंशाचा रंग चढला. १८७७ ते १८८० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या रिचर्ड टेंपल याला ड्रॉइंग हे भारतीयांच्या बुद्धीतील दोष घालवणारे औषध वाटत होते. त्याने त्यांचे निरीक्षण पक्के होईल, अशी त्याची समजूत होती. मुंबईतच अनेक वर्षे राहिलेल्या जॉर्ज बर्डवुडचे मत याच्या उलट टोकाचे होते. १८८०मध्ये भारताच्या औद्योगिक कलांवरील ग्रंथात त्याने इथल्या कारागिरीची तोंडभरून स्तुती केली आणि चित्र व शिल्प या ललित कला म्हणून भारतात नाहीतच, असा निर्वाळाही देऊन टाकला. म्हणजे एकाच्या मते भारतीयांना सारे शिकवावे लागणार होते आणि दुसऱ्याच्या मते नक्षीचे ज्ञान त्यांच्या रक्तातच होते, त्यापलीकडचे शिकवून येणार नव्हते. प्रत्यक्ष विद्यार्थ्याचे काम कसे आहे, याची दखल दोन्ही मतांत सारखीच कमी होती.

शाळेच्या आवारात घडले ते या मतांपेक्षा वेगळे. १८६५मध्ये शिल्पकार जॉन लॉकवूड किपलिंग मुंबईत आला. शिल्पकाम, शोभेची रंगकला आणि घडीव लोखंडकाम असे तीन कारखानावजा वर्ग निघाले. शहरात तेव्हा इमारतींचे पेव फुटले होते, त्यामुळे वर्गातील काम वर्गात पडून राहत नव्हते. बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरचे दगडी मोर, पाने आणि माकडे या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या सहभागातून उतरली. ठशावरून काढायला शिकलेला मुलगा दोन-तीन वर्षांत खऱ्या इमारतीच्या खांबाशी उभा राहत होता, आणि शिकवणे व धंदा यांतले अंतर काही काळ मिटले होते.

याच काळातला सर्वांत मोठा धडा शाळेपासून दूर, अजिंठ्यात गिरवला गेला. शाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्सने १८७२पासून पुढे १८८५पर्यंत, मध्ये खंड पडत, विद्यार्थ्यांच्या तुकड्या नेऊन लेण्यांतील चित्रांच्या प्रती करून घेतल्या. पेस्तनजी बमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा हे तरुण अर्धवट उजेडात, वटवाघळांच्या सहवासात, पडझड झालेल्या भिंतींवरून रेघ न्‌ रेघ उतरवत होते. लंडनला पाठवलेल्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५च्या आगीत जळाल्या; उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सने १८९६-९७मध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढला. नक्कल हा शब्द आज कमीपणाचा झाला आहे. पण एखाद्या बोधिसत्त्वाच्या खांद्याची रेषा दुरुस्त करण्याची मुभा नसलेला विद्यार्थी ती रेषा का वळली, हे हाताने समजून घेतो. ललित कला भारतात नाही, हे बर्डवुडचे विधान छापले गेले तेव्हा अजिंठ्याच्या नकला सुरू होऊन आठ वर्षे लोटली होती, ही गोष्ट त्या विधानाबद्दल पुरेसे सांगते.

शाळेत येणार कोण, याबद्दल सरकारचा अंदाज चुकला. कारागिरांची मुले येतील आणि सुधारलेले कारागीर बनून परततील, अशी योजना होती. कारागिरांची मुले अपेक्षेइतकी आलीच नाहीत. घरचा कारखाना सोडून प्लास्टरचे ठसे गिरवण्यात त्यांना फायदा दिसेना. आले ते पारशी, पाठारे प्रभू, ब्राह्मण अशा नोकरदार घरांतले तरुण, आणि त्यांना कारागीर नव्हे तर चित्रकार व्हायचे होते. १८९१मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कलाकुसरीचे कारखाने शाळेला जोडण्यात आले ते हा तोल सावरण्यासाठीच.

या नव्या चित्रकारांची चरित्रे पाहिली की उपजत आणि शिकवलेले यांची सरमिसळ लक्षात येते. कोल्हापूरचे अबालाल रहिमान कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्या घराण्यातले. अक्षराची लय घरातून घेऊन ते मुंबईला शिकले आणि परत येऊन शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर १८९०मध्ये शाळेत दाखल झाले, पण त्याआधी अबालालांचे मार्गदर्शन त्यांना मिळालेले होते. धुरंधर १८९६पासून तिथेच शिकवू लागले आणि १९३१मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच, १८९६मध्ये, देवळाकडे निघालेल्या मराठी तरुणीचा ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा केला. त्याने देशभर खळबळ उडाली आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यावर बंगालीत लेख लिहिला. विनायक पांडुरंग करमरकर हे अलिबागजवळच्या सासवण्याचे. देवळाच्या भिंतीवर त्यांनी रंगवलेला शिवाजी पाहून कलेक्टर ऑटो रॉथफील्डने त्यांची मुंबईच्या शाळेत सोय लावली. पुढे १९२८मध्ये पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. देणगी अचानक सापडल्याची ही कथा वरवर खरी आहे. पण करमरकरांच्या घरी गणपतीच्या मूर्ती होत होत्या, हा तपशील सहसा शेवटी, जाता जाता सांगितला जातो.

शाळेबाहेर राहूनही माणसे मोठी झाली, आणि त्यांची नावे उपजत प्रतिभेच्या बाजूने नेहमी पुढे केली जातात. राजा रविवर्मा कुठल्याही कलाशाळेत गेले नाहीत. त्रावणकोरच्या राजवाड्यातील रामस्वामी नायकर यांनी त्यांना तैलरंगाचे तंत्र शिकवायला नकार दिला होता, आणि १८६८मध्ये आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराने फक्त काम करताना बघू दिले. तरीही रविवर्म्यांना पहिले धडे स्वतः चित्रे काढणाऱ्या मामाकडून मिळाले होते. बाबूराव पेंटर यांचे तसेच. ‘कलामहर्षी’ म्हणून कोल्हापूरने गौरवलेल्या बाबूरावांनी कलाशाळेचे तोंड पाहिले नाही, पण त्यांचे वडील कृष्णा मेस्त्री सुतारकाम, लोहारकाम आणि चित्रकाम अशा सगळ्यांत गती असलेले गृहस्थ होते. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव सिनेमाकडे वळले आणि १९१८च्या सुमारास त्यांनी स्वतःचा कॅमेराही बनवला. स्वयंशिक्षित या विशेषणाने अशा माणसांचा गौरव होतो, मात्र त्यांच्या घरच्या शिक्षकांवर अन्याय होतो.

महाराष्ट्रावर कलाशाळेचा सर्वांत खोल ठसा चित्रकारांमुळे नव्हे, परीक्षांमुळे उमटला. १८७९पासून शाळांत ड्रॉइंग हा विषय आला आणि १८९३मध्ये ड्रॉइंग मास्तर तयार करण्याचा वर्ग निघाला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे पेपर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी दिले. ज्यांनी पुढे कधी ब्रश हातात धरला नाही, अशांनाही अंगठ्याने पेन्सिल पकडून एक डोळा मिटून घागरीचे माप कसे घ्यायचे, हे ठाऊक असते. साउथ केन्सिंग्टनची तेवीस पायऱ्यांची कल्पना तिच्या मायदेशी मोडीत निघाली, इथे मात्र परीक्षेच्या रूपाने टिकून राहिली. स्मरणचित्रात ठरावीक साच्याच्या बाहुल्या आणि नक्षीकामात तीच ती कमळे येतात, ही टीका जुनी आहे आणि रास्त आहे. तरी या परीक्षांनी ज्या घरात कागदावर कधी चित्र निघाले नव्हते तिथे ते काढायला लावले आणि गावोगावच्या ड्रॉइंग मास्तरला पगारी जागा दिली. पुढच्या काळातील बऱ्याच मराठी चित्रकारांचे पहिले गुरू हेच मास्तर होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वादाचे टोक बदलले. कलकत्त्याच्या शाळेचा प्रमुख ई. बी. हॅवेल याने १८९६नंतर युरोपीय नमुने बाजूला सारून मोगल चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवली. भारतीय कला अंतर्मुख आणि आध्यात्मिक असते, समोरच्या वस्तूची हुबेहूब नक्कल हे तिचे काम नाही, अशी त्याची भूमिका होती. मुंबईला हे पटले नाही. प्राचार्य सेसिल बर्न्स वास्तवदर्शी अभ्यासाच्या बाजूचा होता. १९१९मध्ये त्याच्या जागी आलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमनने एक मधला मार्ग काढला: जिवंत मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग त्याने सुरू केला आणि १९२०मध्ये भित्तिचित्रांचाही. भारतीय विद्यार्थ्याला सजावटीची उपजत जाण असते, तिला मानवी देहाच्या अभ्यासाची जोड दिली की झाले, असे त्याचे सूत्र होते. मुंबईच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आणि पुढे १९२८-२९मध्ये नव्या दिल्लीच्या सचिवालयात या शाळेने भित्तिचित्रे रंगवली. सॉलोमनचे सूत्र बर्डवुडच्या सूत्राचेच धाकटे भावंड आहे. दोघांनाही नक्षी भारतीयांच्या रक्तात दिसते. फरक एवढाच, की सॉलोमनने त्यावर एक चांगला वर्ग उभा केला, आणि विद्यार्थ्यांना वर्ग उपयोगी पडला.

याच सुमारास स्त्रियाही शाळेत दिसू लागल्या. धुरंधरांची कन्या अंबिका १९३१मध्ये पदविका घेऊन बाहेर पडली. शाळेत शिकवणारे गोमंतकीय चित्रकार आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद यांची कन्या अँजेला हीदेखील नावाजलेली चित्रकार झाली. दोघी चित्रकारांच्या मुली होत्या, हा योगायोग नाही. मुलीने बाहेर पडून नग्न मॉडेल असणाऱ्या शाळेत शिकणे तेव्हाच्या समाजाला मानवणारे नव्हते, आणि ज्या घरात स्टुडिओ होता त्याच घरातून ही परवानगी मिळू शकली. घरात ईझल नसलेल्या किती मुलींचा हात कधी कुणी पाहिलाच नाही, याचा हिशेब मांडता येत नाही. पण अंगात असेल ते आपोआप बाहेर येतेच, हा समज स्त्रियांच्या बाबतीत तरी खोटा ठरतो.

सरकारी शाळेला समांतर खासगी वर्ग वाढत होते. सावंतवाडीहून आलेले सावळाराम हळदणकर यांनी १९०८मध्ये मुंबईत स्वतःची संस्था काढली. केतकरांचा वर्ग आणि दंडवतीमठांचे नूतन कलामंदिर ही नावेही चित्रकारांच्या तोंडी होती. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग, अशी सोय तिथे होती. ग्रेड परीक्षांच्या तयारीवर त्यांचा संसार चाले आणि त्यातून अधूनमधून एखादा खरा चित्रकार निघे.

१९४७मध्ये स्थापन झालेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा या वादाच्या दृष्टीने फार बोलका आहे. सहा संस्थापकांपैकी सदानंद बाकरे मुंबईच्या याच शाळेचे, म्हणजे जीजीभॉय यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जे. जे.चे, शिल्पकलेचे पदविकाधारक. सय्यद हैदर रझा आणि हरी अंबादास गाडे नागपूरच्या कलाशाळेतून आलेले; रझा पुढे जे. जे.तही शिकले. गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना १९४५मध्ये जे. जे.तून काढून टाकण्यात आले होते. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन इंदूरच्या कलाशाळेत थोडे शिकले आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून त्यांनी हात मोठा केला. कृष्णाजी हौळाजी आरा घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम करत मुंबईत वाढले आणि केतकरांच्या वर्गात बसून ग्रेड परीक्षेपर्यंत पोचले. शिकलेले, अर्धे शिकलेले, काढून टाकलेले आणि न शिकलेले एकाच भिंतीवर चित्रे लावत होते, आणि चित्रांवरून कोण कुठल्या गटातला हे सांगता येत नव्हते. या सर्वांना एका माळेत ओवले ते शाळेने नव्हे. चार्ल्स जेरार्डने शाळेत आधुनिक युरोपीय चित्रकलेचे वारे आणले होते हे खरे. पण वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर या नाझी अमलामुळे युरोप सोडून आलेल्या मंडळींची घरे, त्यांची पुस्तके, छापील चित्रांचे संग्रह आणि रोखठोक मते हाच या तरुणांचा दुसरा अभ्यासक्रम होता.

शाळेच्या आत शिकवण्याची वेगळी रीत रुजवली ती शंकर पळशीकरांनी. १९४७च्या सुमारास ते अध्यापक झाले आणि १९६८ ते १९७५ या काळात अधिष्ठाता होते. विद्यार्थ्याचे चित्र दुरुस्त करण्यापेक्षा त्याला विचारात पाडणारे मास्तर म्हणून त्यांची ख्याती आहे. जगन्नाथ अहिवासींच्या भारतीय शैलीच्या वर्गातून आणि पळशीकरांच्या सहवासातून वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा चित्रकार पुढे आला, ज्याने अखेर आकृतीच सोडून दिली. लघुचित्रांची बारीक रेघ शिकवणाऱ्या वर्गातून रेघच न काढणारा चित्रकार निघावा, हे कुठल्याच अभ्यासक्रमात बसणारे नाही, पण तो वर्ग वगळून गायतोंड्यांच्या रंगांची शिस्तही समजत नाही.

१९५८मध्ये वास्तुकला आणि उपयोजित कला यांच्या स्वतंत्र संस्था झाल्या, १९६५मध्ये राज्याचे कला संचालनालय निघाले आणि ग्रेड परीक्षा त्याच्याकडे आल्या. १९८१मध्ये शाळा मुंबई विद्यापीठाला जोडली जाऊन पदविकेच्या जागी पदवी आली. एके काळी प्रवेशाला इंटरमिजिएटची पायरी लागे. नंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली. मुलामध्ये कलेचा कल आहे की नाही हे जोखण्यासाठी ती घेतली जाते, आणि तिचे मुख्य पेपर आहेत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र. हे पेपर सोडवायला शिकवणारे वर्ग मुंबई-पुण्यात वर्षभर चालतात.